स्पोर्टी गाडीतले ड्राइव्ह मोड आणि परफॉर्मन्स डिस्प्ले आपल्या रस्त्यांवर कसे वापरायचे?

तुम्ही लातूरला राहता, पुण्याहून वापरलेली बीएमडब्ल्यू ३३०आय घेतली आहे आणि विचारलंय की पडद्यावरचे पॉवर-टॉर्कचे काटे अन् जी-मीटर नेमकं काय सांगतात, इको प्रो, कम्फर्ट, स्पोर्ट यांतलं कुठलं बटण कधी दाबायचं, आणि सतत स्पोर्टमध्ये चालवली तर इंजिन खराब होतं का.

मी छत्रपती संभाजीनगरला असतो, वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. सहा वर्षांपासून ऑक्टाव्हिया आरएस चालवतोय, २३० अश्वशक्तीची. सासरवाडी लातूरची. त्यामुळे बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, रेणापूर हा रस्ता महिन्यातून एकदा तरी होतोच. तुमचा रस्ता आणि माझा रस्ता एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. स्पोर्ट मोडनं इंजिन खराब होत नाही. थंड इंजिन दामटल्यानं होतं, मग मोड कुठलाही असो. त्याबद्दल पुढे लिहितोच.

मोडबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे स्पोर्ट दाबलं की गाडीची ताकद वाढते. तुमच्या गाडीचे २५८ अश्वशक्ती हे कम्फर्टमध्येही २५८ आणि स्पोर्टमध्येही २५८च. फरक पडतो तो पायाच्या आणि इंजिनाच्या बोलण्यात. कम्फर्टमध्ये ॲक्सिलरेटर थोडा दाबला तर गाडी थोडंच ऐकते. स्पोर्टमध्ये तेवढ्याच दाबाला ती जास्त उसळी घेते, गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो, स्टेअरिंग जड होतं. इको प्रोमध्ये उलट: पायाला उशिरा प्रतिसाद, वरचा गिअर लवकर, एसीचीही थोडी काटकसर. कम्फर्टमध्ये पाय तळापर्यंत नेला तर मिळायची तेवढी सगळी ताकद मिळतेच.

आता ते दोन काटे. तुमच्या इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन मीटर आहे आणि तो १५५० आरपीएमपासून (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४४०० पर्यंत जवळपास सपाट राहतो. म्हणून टॉर्कचा काटा लवकर वर जाऊन बसतो आणि पॉवरचा काटा मागून हळूहळू चढत राहतो. पुष्कळांना वाटतं एक काटा बिघडलाय. तसं नाही. टॉर्क म्हणजे जोर आणि पॉवर म्हणजे त्या जोराने मिनिटाला किती काम झालं. विहिरीवरच्या मोटरीचा एचपी आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही कळतो, हे तेच गणित आहे. ४०० चा जोर १५५० आरपीएमला लावला तर साधारण ८८ अश्वशक्ती होतात आणि तोच जोर ४४०० ला लावला तर २५० होतात. जोर तोच, फेरे जास्त.

याचा रस्त्यावरचा उपयोग असा: उसाची ट्रॉली ओलांडायची असेल तर इंजिन ५००० वर ओरडायला लावायची गरज नाही. २००० च्या आसपास असतानाच तुमच्याकडे पूर्ण जोर असतो. दोन-चार वेळा मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्या माणसाला काटे बघायला सांगून हे अनुभवा. स्वतः बघू नका. १०० च्या वेगात दोन सेकंद पडद्यावर नजर गेली तर गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. केज ते अंबाजोगाई पट्ट्यात ५५ मीटरमध्ये एक म्हैस, एक दुचाकी आणि एक रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली सहज येते.

याच पट्ट्यात माझ्याबरोबर एकदा जे झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला त्यातच दिसतो. तीन वर्षांपूर्वीचा जून. पहिला पाऊस होऊन गेलेला, संध्याकाळची वेळ, शेजारी मेव्हणा. पुढे ट्रॅक्टर, शेतातून नुकताच रस्त्यावर आलेला, मागच्या चाकांतून काळ्या मातीची ढेकळं रस्त्यावर पडत चाललेली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काढा की आता, कवाधरून त्याच्या मागं चाललोत." गाडी स्पोर्टमध्ये होती. मी उजवीकडे घेतली आणि नेहमीच्या सवयीनं पाय दाबला. नेहमीचा दाब, पण स्पोर्टमध्ये त्याचं दुप्पट झालं. पुढची चाकं चिखलावर नुसती गरगरली, स्टेअरिंग हातात एकदम हलकं झालं आणि गाडी वळायची सोडून सरळ रस्त्याच्या कडेकडे निघाली. मीटरमध्ये घसरत्या गाडीचा तो पिवळा दिवा टकटक उघडझाप करत होता. गाडीनं स्वतःच ताकद कापली, मी पाय काढला, आणि उजव्या बाजूच्या मुरमात दोन चाकं जाऊन आम्ही थांबलो. समोरून त्या क्षणी काही आलं नाही, इतकंच. मेव्हणा अंबाजोगाई येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

काळी माती ओली झाली की डांबरावर लोण्यासारखी पसरते. नुसत्या पाण्यावर टायरची पकड कमी होते, या मातीवर ती जवळपास उरतच नाही. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून ती सरळ निघाली. तुमची मागच्या चाकांवर चालते. तशा जागी पाय जास्त पडला तर तुमच्या गाडीची शेपूट बाहेर येईल आणि ते सावरणं पुष्कळ अवघड. म्हणून जून ते ऑक्टोबर गावांतल्या रस्त्यांवर स्पोर्ट मोड लावूच नका, मऊ पायाचा कम्फर्ट किंवा इको प्रो ठेवा. आणि तुमच्या गाडीत स्पोर्ट प्लस असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. त्यात घसरण आवरणारी यंत्रणा मुद्दाम सैल केलेली असते, म्हणजे मला वाचवलेला तो पिवळा दिवा उशिरा जागा होतो. डीएससीचं, म्हणजे हीच यंत्रणा बंद करायचं, बटणही दाबायचं नाही. चिखलात चाक रुतलं आणि गाडी जागची हलत नसेल तरच थोडा वेळ, आणि बाहेर निघाली की लगेच परत चालू.

मग स्पोर्ट कुठे वापरायचा? कोरड्या चौपदरीवर एखाद्या लांब वाहनाला ओलांडताना, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त घाट उतरताना. मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागलात की इको प्रो काढा. इको प्रोमध्ये पाय उचलला की गिअरबॉक्स इंजिनाला सोडून देऊ शकतो आणि गाडी मोकळी घरंगळते. पेट्रोल वाचवायला ते चांगलं, उतारावर नाही, कारण इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. स्पोर्टमध्ये खालचा गिअर धरला जातो, गाडी स्वतःच अडून अडून उतरते आणि ब्रेक थंड राहतात.

इंडिव्हिज्युअल म्हणजे प्रत्येक गोष्ट आपल्या पसंतीने लावायचा मोड. त्यात मी स्वतः इंजिन आणि गिअरबॉक्स नॉर्मलला आणि फक्त स्टेअरिंग स्पोर्टला ठेवलंय. तुमच्याकडे सस्पेन्शनचा पर्याय असेल तर तो कम्फर्टला राहू द्या. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. कडक सस्पेन्शनवर अशा रस्त्यात चाक उड्या मारतं आणि उडालेल्या चाकाला पकड नसते.

जी-मीटरला लोक खेळणं समजतात, मला ते फार कामाचं वाटतं. गाडी वेग घेताना, ब्रेक लावताना किंवा वळताना शरीराला जो धक्का बसतो तो पृथ्वीच्या ओढीच्या किती पट आहे, हे तो ठिपका सांगतो. रोजच्या चांगल्या चालवण्यात तो ०.२ ते ०.३ च्या पलीकडे जायला नको. कोरड्या रस्त्यावर जीव खाऊन ब्रेक मारला तर ०.८ ते १ पर्यंत जातो. माझी आई मागे बसली की तिला घाटात मळमळायचं. मी बायकोला ठिपका बघायला सांगितला तर वळणात शिरताना मी उशिरा आणि जोरात ब्रेक मारतोय हे लक्षात आलं, ठिपका ०.४ च्या पुढे उडायचा. आधीपासून हलका ब्रेक लावायला लागलो, आईचा त्रास गेला, आणि घाट उतरायला पूर्वीएवढाच वेळ लागतो.

शून्य ते शंभरचं घड्याळ असेल तर ते रस्त्यावर लावू नका. हौस फेडायची तर कोइंबतूरचा करी ट्रॅक किंवा चेन्नईचा ट्रॅक आहे, तिथे ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस, होतात.

आता थंड इंजिनाचं. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो आणि आपण समजतो गाडी तापली. इंजिन ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. माझ्या छोट्या पडद्यावर ऑइलचं तापमान दिसतं. डिसेंबरच्या सकाळी घरून निघालो की पाणी ९० ला पोहोचतं तेव्हा ऑइल ६० च्या आसपास असतं. ऑइल ८० च्या वर जाईपर्यंत मी इंजिन ३००० च्या पुढे नेत नाही. साधारण ९० ते ११० ही ऑइलची ठीक जागा. तुमच्या गाडीत हा आकडा कुठल्या पानावर सापडला तर तेच पान कायम उघडं ठेवा, पॉवर-टॉर्कच्या काट्यांपेक्षा त्याचा उपयोग शंभर पट. आकडा नसेल तर पहिली पंधरा मिनिटं स्पोर्टचं बटण विसरा. आणि जोरात चालवून आलात तर ढाब्यावर पोहोचण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या. टर्बो लालबुंद असताना इंजिन बंद केलं तर त्यातलं ऑइल जागेवर जळू शकतं.

शेवटी टायर. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश असतं आणि समृद्धी महामार्गाचा काँक्रीटचा रस्ता भाजून निघतो. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. त्यात आपल्याकडे एक सल्ला सर्रास मिळतो: "उन्हाळा आहे, दोन पॉइंट हवा कमी ठेवा." ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी भरा. सकाळी ३३ भरलेली दुपारी जालन्याजवळ पडद्यावरच्या टायरच्या हवेच्या पानावर ३७-३८ दिसली तर घाबरून सोडायची नाही, ते हिशोबातच असतं. चारातल्या एकाच चाकाचा आकडा बाकी तिघांसारखा वाढला नसेल, तर मात्र थांबा. तिथे बहुधा खिळा आहे.

तुमच्या गाडीला रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, टायर असतील तर हे हवेचं पान जास्तच महत्त्वाचं, कारण ते टायर हवा गेली तरी बसलेले दिसत नाहीत. पंक्चर झाल्यावर साधारण ८० किलोमीटर, तेही ८० च्या आतल्या वेगात, एवढीच मुभा असते, आणि डिकीत स्टेपनी असेलच असं नाही. गाडी सेकंडहँड आहे, त्यामुळे आधीच्या मालकानं साधे टायर घातलेत का ते आधी बघा. टायरच्या कडेला त्यासाठी वेगळी खूण असते. साधे असतील तर हवेचा छोटा कंप्रेसर आणि पंक्चर किट डिकीत ठेवा. रेणापूर फाटा ओलांडला की रात्री दहानंतर पंक्चरवाला मिळेलच याची खात्री नाही.