बाबांना हिमोफिलिया, मी फक्त कॅरिअर, दुसरा एक्स तर चांगला आहे, मग पाळीत एवढं ब्लीडिंग का?

तुमचा प्रश्न बरोबरच आहे, हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, त्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मग बाबांकडून खराब एक्स आला तर आईकडचा चांगला एक्स सांभाळून का घेत नाही. मी पण हेच विचारत फिरायचे कारण माझ्या दादाला हिमोफिलिया ए आहे आणि मला लहानपणापासून एकच ऐकवलं, तू कॅरिअर (म्हणजे दोनपैकी एकाच एक्सवर खराब जीन असलेली), तुला काही होत नसतं. मग अक्कलदाढ काढली आणि दोन दिवस रक्त थांबेना, उशी लाल, आई रडकुंडीला आलेली. त्यानंतर कुठे कोणीतरी फॅक्टर एटची (रक्त गोठवणारं प्रोटीन, हिमोफिलिया ए मध्ये हेच कमी असतं) लेव्हल करायला सांगितली, निघाली नॉर्मलच्या 31 टक्के.

तर एका पेशीत दोन्ही एक्स एकदम कामाला नसतातच, एकच असतो. एक्सवर 800 च्या आसपास जीन्स आहेत, पुरुषाकडे एक्स एकच, बाईकडे दोन, म्हणजे डोस दुप्पट व्हायला नको म्हणून गर्भ अगदी सुरुवातीच्या दिवसांत असतानाच प्रत्येक पेशी आपला एक एक्स जवळपास पूर्ण बंद करते, त्या एक्समधूनच निघालेला एक आरएनए त्याला गुंडाळतो आणि तो आवळून गोळा होऊन पडतो. काही थोडे जीन्स सुटतात पण बाकी सगळं गप्प. आणि कुठला बंद करायचा, आईकडचा की बाबांकडचा, हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरतं, पण एकदा ठरलं की त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशींत तोच बंद राहतो.

आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक तिरंगी मांजर आहे, मला तिच्याकडे बघूनच हे नीट कळलं. भगव्या रंगाचा जीन मांजरीत एक्सवर असतो, तिचा एक एक्स भगवा करणारा, दुसरा नाही, म्हणून जिथे जो चालू तिथे तो रंग (पांढरं मात्र वेगळ्या जीनमुळे). म्हणूनच तिरंगी बोका क्वचितच सापडतो, आणि सापडला तर बहुतेक वेळा त्याच्यात दोन एक्स आणि एक वाय असतो. इंग्लंडच्या जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये उंदरांच्या माद्यांच्या अंगावरचे असेच चट्टे बघून हे सगळं मांडलं होतं.

आपल्या अंगावर चट्टे दिसत नाहीत पण आत तसंच आहे. फॅक्टर एट मुख्यतः यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बनतं, तिथल्या अर्ध्या पेशींत चांगला एक्स चालू असेल तर लेव्हल 50 च्या आसपास येते, पण चिठ्ठ्या नेमक्या अर्ध्या-अर्ध्या पडतीलच असं नाही ना, जास्त पेशींत खराबच चालू राहिला की लेव्हल खाली. सख्ख्या बहिणींमध्ये पण खूप फरक निघतो. 5 ते 40 च्या मध्ये असेल तर तो माइल्ड हिमोफिलियाच, मग बाई असो की पुरुष, आणि 40 च्या वर असूनही काही जणींना जास्त ब्लीडिंग होतं.

त्यामुळे प्लीज, फक्त कॅरिअर म्हणून गप्प बसू नका. हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) जाऊन लेव्हल करून घ्या, बाबांना ए असेल तर फॅक्टर एट, बी असेल तर नाइन. गायनॅककडे पण जा, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) वगैरे दुसरं कारण सुद्धा असू शकतं. गरोदरपणात एटची लेव्हल आपोआप वाढते आणि डिलिव्हरीनंतर परत उतरते, तेव्हा जपावं लागतं, म्हणून आकडा आधीच माहीत हवा. माझा रिपोर्ट मी पर्समध्येच ठेवते, डेंटिस्टला पहिल्यांदा तोच दाखवते. आणि तोपर्यंत पोटात दुखलं तर स्वतःहून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका, त्याने ब्लीडिंग वाढू शकतं.