जुनं घड्याळ, नवा विक्रेता

इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जुनी एचएमटी घड्याळं ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर मांडायचा तुझा बेत कळला. घड्याळाची पारख तुला आहे, म्हणून हे पत्र गिऱ्हाइकाबद्दल.

तुझ्या नावापुढे खरेदीदारांचे सध्या शून्य शेरे आहेत. त्यात माल जुना आणि विकणारा भारतातला. हे शेवटचं टोचेल, पण ते उगाच नाही. परदेशी संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा शब्दच रूढ आहे: तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, मशीन दुसऱ्याचं, केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, घासून चकचकीत आणि वर ‘ओरिजिनल’ची पाटी. तुझं गिऱ्हाईक असं एकदा पोळलेलं असणार. गोड बोलण्याने ते जवळ येणार नाही. त्याला जो दोष भिंगाखाली सापडणार आहे, तो तू आधीच लिहिलेला असला पाहिजे.

म्हणून वर्णनात प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शेरा मार: मूळचा, बदललेला, माहीत नाही. समजा एचएमटीचं चावीचं ‘जनता’ मॉडेल आहे, आत १७ ज्वेल्सचं, म्हणजे १७ खड्यांचं, ०२३१ क्रमांकाचं मशीन. तर असं लिही: ‘तबकडी पुन्हा रंगवलेली. काटे मूळचे वाटतात. चावी बदललेली. पट्टा नवा, साधा. सर्व्हिस कधी झाली माहीत नाही.’ ‘माहीत नाही’ लिहिताना हात अडखळेल. अडखळू देऊ नकोस. सगळंच ठाऊक असल्याचा आव आणणाऱ्यांच्या गर्दीत तेच वाक्य तुला वेगळं काढेल.

तबकडी रंगवलेली आहे का, हे दहापट भिंगाखाली बघ. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाड किंवा आकड्यांशी न जुळणाऱ्या, तळाची बारीक अक्षरं गायब किंवा फुगलेली दिसली, की शंका धर. तबकडी कोरी करकरीत आणि काटे मात्र गंजलेले, ही जोडीही बोलकी असते. रंगवलेलं घड्याळ विकू नये असं नाही. लपवून विकू नये.

काही शब्द मुळीच नकोत. ‘रेअर’ नको, जनता अमाप बनलं, हे घेणाऱ्याला माहीत असतं. ‘वॉटरप्रूफ’ नको; झाकणावर कोरलेलं असलं तरी आतलं रबर कधीच कडक होऊन गेलेलं असतं. ‘सर्व्हिस केलेलं’ म्हणजे मशीन पूर्ण सुटं करून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जोडलेलं. झाकण उघडून तेलाचा थेंब सोडलेलं नव्हे. आणि ‘न वापरलेलं’ लिहायचं तर बिल आणि वॉरंटी कार्ड हवं. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, तेव्हापासून ‘कंपनीचा शेवटचा माल’ म्हणून काय काय विकलं जातं ते तू पाहतोसच.

फोटो किमान आठ: समोरून, तिरपा, दोन्ही बाजू, मागचं झाकण, उघडं मशीन, झाकणाची आतली बाजू आणि प्रत्येक दोष जवळून. फ्लॅश नको, ऊनही नको. खिडकीशी सावलीतला उजेड घे. काचेवरचे ओरखडे तिरप्या उजेडातच दिसतात, तेव्हा तिरपा फोटो चुकवू नकोस. एका फोटोत शेजारी चिठ्ठी ठेव, तिच्यावर तुझं खात्याचं नाव आणि तारीख. घड्याळ खरोखर तुझ्या हातात आहे, हे त्यातून कळतं. दुसऱ्या दोन फोटोंत फोनचं घड्याळ शेजारी असू दे, २४ तासांच्या अंतराने. किती सेकंद पुढे-मागे जातं ते आपोआप दिसेल.

किमतीबद्दल आशा आटोक्यात ठेव. ईबेवर जुन्या पोस्टकार्डांचा एक प्रयोग झाला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला: माल सारखाच, पण नावाजलेल्या खात्याला नव्या खात्यांपेक्षा ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. तेवढी नवखेपणाची जकात समज. पहिली दहा घड्याळं अशी निवड की पडेल भावात गेली तरी झोप उडणार नाही. भाव पडला म्हणून लिलाव मध्येच रद्द करायचा नाही. चुलतभावाला खोटी बोली लावायला सांगायचं तर अजिबातच नाही. ईबेवर प्रत्येक जण आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि साइट दुसऱ्याला मागे टाकण्यापुरतीच बोली वाढवते, म्हणजे भाव ठरतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेवर. खोट्या बोलीने नेमका तो दुसरा आकडा फुगतो. म्हणूनच ती फसवणूक, आणि पकडली गेली की खातं बंद.

लिलाव अमेरिकेतल्या रविवारी रात्री संपेल असा लाव. तिकडच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले सोमवारचे सकाळचे साडेसहा. शेवटच्या तासात प्रश्न येतात, तेव्हा जागा राहा; पोहे-जिलबी नंतर. उत्तर दिलंस की तेच वर्णनातही घाल.

पाठवताना पट्ट्याचं बक्कल झाकणाला लागू देऊ नकोस, प्रवासभर घासून नवा ओरखडा पडतो. घड्याळ मऊ कागदात, मग झिप पिशवीत, मग कडक डबीत. डबी कानाशी हलव. आवाज आला तर अजून भर. बाहेरच्या खोक्यात चहूबाजूंनी चार-पाच सेंटिमीटर भरण. सगळं एका सलग व्हिडिओत, पत्त्याच्या चिठ्ठीसकट. परदेशी विक्रीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, आधी काढून ठेव. कस्टमच्या कागदावर किंमत कमी लिहायला किंवा ‘गिफ्ट’ म्हणायला कोणी सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हण. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची आयात शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, तेव्हा शुल्क कोण भरणार हे आधीच लिहून टाक.

तक्रार येईलच. ‘घड्याळ बंद पडलं’ म्हटलं तर आधी व्हिडिओ माग, आरोप करू नकोस. वाटेतल्या धक्क्याने बॅलन्सच्या, म्हणजे मशीनमधल्या डोलणाऱ्या चाकाच्या, आसाची टोकं मोडतात. आणि घड्याळ अचानक फार पुढे पळू लागलं, तर बहुतेक वेळा चुंबकत्वाने केसासारख्या स्प्रिंगचे वेढे चिकटलेले असतात. कुठलाही घड्याळजी ते चुंबकत्व मिनिटभरात काढून देतो, तेवढा खर्च तू दे. बाकी काही असेल तर परत घे, पोस्टाचा खर्चही तुझाच. वाईट शेरा पडलाच तर खाली दोन ओळी: काय झालं आणि तू काय दिलंस. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देताच येत नाही. पुढचा माणूस फक्त तुझं उत्तर वाचतो.

पहिलं घड्याळ मांडण्याआधी वर्णन मला पाठव. ‘माहीत नाही’ किती ठिकाणी लिहिलंस ते आधी बघेन.

तुझा,
काका