डायव्हिंगच्या सरावात पाण्यावर पाठीवर आपटल्यापासून मुलगी वरच्या फळीवर गेली की रडते, सराव बंद करू का?

बंद करू नका, पण थोडे दिवस तिला खालच्या फळीवर आणा. ही धास्ती म्हणजे भित्रेपणा नव्हे. नाशिकला लहानपणी आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, सूर मारायचो, तेव्हा पोटावर पडलं की कातडी तासभर लाल राहायची. ती उंची काहीच नाही. १० मीटरवरून पाण्याला भिडताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो!

मोठे खेळाडूही रोज नुसत्या उड्या मारत नाहीत. बराचसा सराव कोरड्यावर होतो: ट्रॅम्पोलिन, कमरेला दोरीचा पट्टा, फोमच्या खड्ड्यात कोलांट्या. पट्ट्यात लटकून तीच उडी पुन्हा पुन्हा केली की अंगाचा विश्वास परत येतो. तिच्या प्रशिक्षकांना हे जरूर विचारा.

ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली याला २०१२ नंतर एका उडीची अशीच भीती बसली होती. त्याने ती उडीच बदलली आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जोडीदार मॅटी लीसोबत सुवर्ण मिळवलं. तिथे तो प्रेक्षकांत बसून विणकाम करायचा, त्याने मन शांत राहतं म्हणून.

झोप उडाली असेल किंवा तलावाचं नाव काढताच पोट दुखत असेल, तर समुपदेशकाकडे न्याच. घरी आल्यावर ‘आज मारलीस का उडी?’ एवढं मात्र विचारू नका.