सोर्स कोडचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : पुण्यात आमची सहा जणांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. त्याचं मूळ इंजिन ओपन सोर्स करायचा, म्हणजे त्याचा कोड कुणालाही फुकट वापरता-बदलता येईल असा खुला करायचा विचार आहे. लायसन्सचं उत्पन्न थांबेल, पण सपोर्टमधून भरून निघेल असं वाटतं. दोन वर्षं तग धरता यावा म्हणून राहत्या फ्लॅटवर 40 लाखांचं कर्ज काढलंय, साडेदहा टक्क्यांनी, 15 वर्षांसाठी. बँकेने सोबत एक ‘गॅरंटीड’ पॉलिसी दिली. तिचा तीन लाखांचा पहिला वार्षिक हप्ता कर्जातूनच भरला. कागद गेल्या आठवड्यात आले. पगारांवर महिना पाच लाख जातात. पुढे जावं का?

उत्तर : कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. आजच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेतला माणूस ‘कर्जासाठी लागतेच’ म्हणाला असेल तर ते खोटं आहे. अशा पॉलिसीत परतावा पाच-सहा टक्के पडतो. साडेदहाने काढलेला पैसा तिथे घालणं म्हणजे दरवर्षी नुकसान विकत घेणं.

आता दोन वर्षांचा हिशेब. कर्जाचा हप्ता महिना 44 हजार, म्हणजे साडेदहा लाख. पॉलिसीचे दोन हप्ते, सहा लाख. हातात उरले साडेतेवीस लाख. लायसन्सचे पैसे थांबले तर पगारांना पाच महिनेही पुरणार नाहीत. पॉलिसी परत केलीत तरी जेमतेम महिनाभर वाढेल. दोन वर्षांचा तग यात कुठेच नाही.

शिवाय कंपनी प्रायव्हेट लिमिटेड ठेवली ती धंद्याचं नुकसान घरापर्यंत येऊ नये म्हणून. फ्लॅट गहाण टाकून ती भिंत तुम्हीच पाडली. निदान कर्जाएवढा साधा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा विमा) तरी घ्या, म्हणजे तुमच्या मागे कर्ज घरच्यांवर पडणार नाही.

ओपन सोर्समधून पैसा मिळतो का? मिळतो, पण तो कोडच्या भोवतालच्या गोष्टींतून. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी धंद्याचा कारभार सांभाळणारं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर फुकट देते आणि होस्टिंग-सपोर्टवर कमावते. मायएसक्यूएल या डेटाबेस कंपनीने कॉपीराइट स्वतःकडे ठेवून एकच कोड दोन लायसन्सखाली दिला, एक खुलं आणि एक विकतचं. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली. उलट हॅशिकॉर्प या अमेरिकी कंपनीने 2023 मध्ये आपल्या ‘टेराफॉर्म’ सॉफ्टवेअरचं खुलं लायसन्स आवळलं, तर लोकांनी जुन्या कोडवरून ‘ओपनटोफू’ उभं केलं. एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही.

तुमच्या पतसंस्था गिटहबवरून (खुला कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट) काही उतरवून घेणार नाहीत. उतरवेल तो शेजारच्या तालुक्यातला विक्रेता, आणि सपोर्टही तोच विकेल. म्हणून कोड उघडण्याआधी सध्याच्या ग्राहकांना होस्टिंग आणि सपोर्टचा वार्षिक करार विचारा, आगाऊ पैशांसह. सहा महिन्यांचे पगार निघतील एवढे करार झाले, तर इंजिन उघडा. कॉपीराइट मात्र कंपनीकडेच ठेवा. नाही झाले, तर कोड बंदच राहू द्या. कर्जातली न वापरलेली रक्कम मात्र आताच परत भरा. मुदतपूर्व परतफेडीला शुल्क आहे का, ते करारात आधी बघा.