अमेरिकी काँग्रेसमध्ये धर्म न मानणारे इतके कमी का?

प्रश्न : अमेरिकेत स्वतःला कोणत्याही धर्माचे न म्हणवणाऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात गेल्याचे वाचनात आले. मग तेथील काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, असे सदस्य बोटांवर मोजण्याइतकेच का? कायद्याचीच काही आडकाठी आहे काय?
— एक वाचक

उत्तर : आडकाठी नाही, निदान अमलात येऊ शकेल अशी नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतील सहावा अनुच्छेद संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई करतो. टेक्साससारख्या काही राज्यांच्या घटनांमध्ये पदाधिकाऱ्याने ईश्वराचे अस्तित्व मानावे, अशा अर्थाची कलमे अजून छापलेली दिसतात. परंतु ईश्वरावरील श्रद्धा जाहीर करण्यास नकार दिल्यामुळे मेरीलँडमध्ये नोटरीपद नाकारले गेलेल्या रॉय टॉर्कासो यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निकाल दिला, तेव्हापासून ही कलमे निर्जीव आहेत.

पहिली अडचण मतदाराची आहे, आणि उमेदवाराने मतदाराच्या घेतलेल्या धास्तीची त्याहून अधिक. राष्ट्राध्यक्षपदासाठी निरीश्वरवादी उमेदवाराला मत देण्याची तयारी गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या १९५८ च्या पाहणीत १८ टक्के लोकांनी दाखवली होती; २०१९ मध्ये हे प्रमाण ६० टक्के झाले. वातावरण बरेच निवळले, तरी उरलेल्यांचा विचार करून उमेदवार मौन पत्करतो. प्रतिनिधिगृहाचे (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे) सदस्य बार्नी फ्रँक यांनी आपण समलैंगिक असल्याचे १९८७ मध्ये पदावर असतानाच सांगितले. निरीश्वरवादाबद्दल मात्र ते २०१३ मध्ये, निवृत्तीनंतर उघडपणे बोलले. याउलट त्याच सभागृहातले पीट स्टार्क २००७ मध्ये ईश्वरावर विश्वास नसल्याचे जाहीर करूनही पुढच्या दोन निवडणुका जिंकले, आणि २०१७ मध्ये स्वतःला मानवतावादी (ईश्वराचा आधार न घेता नीतिमूल्ये मानणारे) म्हणवणारे जेरेड हफमन यांनाही मतदारांनी पुन्हा निवडून दिले. अर्थात दोघेही कॅलिफोर्नियातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या भरवशाच्या मतदारसंघांतले. इतरत्रही हेच घडेल, असे त्यावरून मानू नये.

आकड्यांकडेही जरा सावधपणे पाहिले पाहिजे. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०२५ च्या काँग्रेसमध्ये सुमारे ८७ टक्के सदस्य ख्रिस्ती असून कोणत्याही धर्माचे नसलेले एक टक्काही नाहीत. पण वीसएक सदस्यांचा धर्म कळू शकलेला नाही, आणि ही मोजणी मनातल्या श्रद्धेची नसून जाहीर ओळखीची आहे. दुसरीकडे, त्याच संस्थेच्या पाहणीतील २९ टक्के धर्म न सांगणाऱ्यांमध्ये निरीश्वरवादी आणि अज्ञेयवादी (ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे) कमी. बहुसंख्य 'विशेष काही नाही' एवढेच उत्तर देतात. त्यांना दर रविवारी एकत्र आणणारे चर्च नाही, मतदानातही हा गट सरासरीने मागे राहतो, आणि संघटित मागणी नसल्यामुळे पक्षांनाही त्यांचा उमेदवार शोधावासा वाटत नाही. माझ्या मते मतदारांच्या पूर्वग्रहापेक्षा हेच कारण आज अधिक वजनाचे आहे.

हफमन आणि प्रतिनिधिगृहातील त्यांचे सहकारी जेमी रॅस्किन यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये काँग्रेसमध्ये मुक्तविचारवादी (धर्मश्रद्धेऐवजी विवेकावर भर देणाऱ्या) सदस्यांचा गट स्थापन झाला, हे खरे. पण त्यात धर्म मानणारेही सामील असल्यामुळे त्याच्या सदस्यसंख्येवरून निधर्मी प्रतिनिधींचा अंदाज बांधता येत नाही.