लेखनशंका : मोजून मिळणारं पाणी आणि सोळा वर्षांची नायिका

प्रश्न : माझी किशोर-कादंबरी २०८५ सालात घडते. सरकार पाणी मोजून देतं, विरोध करणाऱ्यांना शहराबाहेर काढतं. नायिका सोळा वर्षांची आहे. प्रकरणं वाचून दाखवली की मुलं म्हणतात, "खरं वाटत नाही." काय चुकतंय?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पाणी मोजून देतात, पण किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चूक तिथेच असणार. आकडा ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा.

माणशी रोज २० लिटर धरू. (आपल्या शहरांसाठी १३५ लिटरचं प्रमाण धरतात.) चौघांच्या घराला ८० लिटर, म्हणजे १५ लिटरचे पाच हंडे आणि वर थोडं. भरलेला हंडा पंधरा किलोंच्या पुढे जातो. तो कोण आणतं, किती खेपा होतात, यावरून नायिका शाळेत कधी पोचते ते ठरेल. आता घरात नोंद नसलेलं पाचवं माणूस लपवा. प्रत्येकाच्या वाट्याला १६ लिटर उरले. धुणं लांबलं, कपड्यांना वास यायला लागला, शेजारणीच्या ते लक्षात आलं. खलनायक यायच्या आधीच धोका घरात शिरला.

सरकारचाही हिशेब मांडा, कारण नुसता दुष्टपणा मुलांना पटत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण ५ लाख. तुमच्या २० लिटरच्या हिशेबाने ते २५ हजार माणसांना एक दिवस पुरेल. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांच्या वर होती, म्हणजे साधारण पंधरातल्या एकाला. कादंबरीत हा एक कोण निवडतं? तुमची सत्ता तिथे बसलेली आहे. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती. पाचहून अधिक जणांनी जमायचं नाही. भांडणं टाळण्यासाठी काढलेला असा हुकूम उठलाच नाही तर काय होईल, तिथून भविष्य रचा.

नियम वयाशी कसा बांधायचा, ते सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) पाहा. बळी द्यायची मुलं निवडणाऱ्या सोडतीत बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी वाढ होते. वर्षभराचं धान्य-तेल हवं असेल तर घरातल्या प्रत्येक माणसामागे आणखी एक चिठ्ठी, आणि त्याही दर वर्षी साठत जातात. सोळाव्या वर्षी नायिका कॅटनिसच्या पाच चिठ्ठ्या वयाच्या. तिघांच्या धान्यापायी पाच वर्षांच्या पंधरा. एकूण वीस. भूक जास्त त्याचा धोका जास्त, हे लेखिकेला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : इंग्रजी कादंबऱ्यांसारखं प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात लिहू का?

उत्तर : प्रथमपुरुषी जरूर. वर्तमानकाळ नको. "मी दार उघडते, बाहेर पाहते" हे मराठीत रोजच्या सवयीसारखं किंवा नाटकातल्या रंगसूचनेसारखं वाचलं जातं. थरार निघून जातो. भूतकाळात लिहा. निवेदक मुलगा की मुलगी हे काही काळ लपवायचं असेल, तर "मी दार उघडलं", "मी पाहिलं" अशी वाक्यं चालतील. "धावले" किंवा "धावलो" आलं की उघड झालंच.

प्रश्न : नवे शब्द किती घडवावेत?

उत्तर : पहिल्या प्रकरणात तीनच्या वर नकोत. अर्थ कंसात देऊ नका, वापरातून कळू द्या. त्याहून बरं म्हणजे जुनाच शब्द थोडा सरकवा. पिवळं, केशरी, पांढरं रेशनकार्ड वाचकाला माहीत आहे; चौथ्या रंगाचं कार्ड नायिकेच्या हाती द्या, आणि रांगेतली माणसं ते पाहून बाजूला का सरकली, हे दोन पानं सांगू नका.