‘शब्दोत्सव’, ‘जागर’ की ‘जत्रा’?

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाचे काम पाहणाऱ्या ताईंनी विचारले आहे : डिसेंबरात आमचा दोन दिवसांचा कार्यक्रम आहे. दिवसभर पुस्तकांची विक्री, एक व्याख्यान, कवींचे वाचन आणि रात्री नाट्यगीते. समितीपुढे ‘शब्दोत्सव’, ‘साहित्य जागर’, ‘ग्रंथमहोत्सव’ आणि ‘लिटफेस्ट’ अशी चार नावे आहेत. भाषेच्या दृष्टीने बरोबर कोणते, आणि कोणत्या नावाने लोक येतील?

ताई, व्याकरणाने चारही नावे चालतील. तेव्हा खरा प्रश्न दुसराच आहे. असे नाव आधी तोंडात फिरते, मग कागदावर येते. वाटेत कोणी कोकणीत विचारले, ‘खंय चल्लां?’ (कुठे चाललात?), तर उत्तरात ते नाव ‘ला’ लावून सहज यायला हवे. मराठीत नाम वाक्यात येताना प्रत्यय घेते, म्हणून प्रत्यय अंगावर न घेणारे नाव बोलण्यातून गळते. हल्ली ‘शब्दांच्या गावी’, ‘सूर जुळले तेव्हा’ अशी अर्ध्या वाक्याची नावे ठेवतात. वाचायला ती गोड वाटतात, पण ‘मी सूर जुळले तेव्हाला चाललोय’ असे कोणी म्हणणार नाही. तो ‘गाण्याच्या कार्यक्रमाला’ म्हणेल आणि नाव पत्रिकेवरच राहील.

लोक लांब नाव कापतात हेही धरून चालावे. पणजीत २००४ पासून भरणाऱ्या चित्रपट महोत्सवाचे अधिकृत नाव किती जण पूर्ण उच्चारतात? सगळे ‘इफ्फीला’ जातात. पुण्यातला १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव रसिकांच्या तोंडी नुसता ‘सवाई’ झाला. कापल्यावर जे उरेल त्यात तुमची ओळख राहिली पाहिजे, आणि त्याला ‘ला’ लागला पाहिजे.

आता तुमची नावे एकेक घेऊ. ‘शब्दोत्सव’ हा संधी निर्दोष आहे : शब्द अधिक उत्सव. पण ‘शब्द’ने सुरू होणारी नावे इतकी झाली आहेत की एक दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही, आणि तिथे पुस्तके विकत मिळतील हे त्यातून कळत नाही. या ‘-ओत्सव’चा मोह आपल्याकडे फार वाढला आहे. ‘शिगमोत्सव’च पाहा. शिगमा हा शब्द संस्कृत ‘सुग्रीष्मक’पासून आला आणि तो मुळातच उत्सवाचे नाव आहे. त्याला पुन्हा ‘उत्सव’ जोडायची गरज नव्हती. गावात अजून कोणी ‘शिगमोत्सव खेळायला’ जात नाही, शिगमोच खेळतात. फलक आणि बोलणे असे वेगळे पडले की हरते ते फलकावरचे नाव.

‘ग्रंथमहोत्सव’ निदान विषय सांगतो. पण ‘महोत्सव’ला मराठीत आणखी एक ठरलेले काम आहे : पंचवीस वर्षांचा रौप्यमहोत्सव, पन्नासांचा सुवर्ण, साठांचा हीरक, पंचाहत्तरांचा अमृत. गोवामुक्तीला २०२१ साली साठ वर्षे झाली तेव्हा आपण हीरकमहोत्सवच साजरा केला. तुमच्या वाचनालयाला अशी वर्षे पूर्ण होत असतील तर ‘महोत्सव’ जरूर घ्या, तेव्हा तो शब्द नेमका बसेल. एरवी दोन दिवसांच्या गावच्या कार्यक्रमाला तो मोठा होतो.

‘जागर’विषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे महाराष्ट्रातली सवय गोव्यात अडखळते. घाटावर ‘विचारांचा जागर’, ‘संविधानाचा जागर’ हे प्रयोग रुळले आहेत आणि तिथे जागर म्हणजे जाणीव जागी करणे. आपल्याकडे जागर किंवा जागोर हे रात्रभर चालणारे लोकनाट्य आहे. गावड्यांचा जागर आहे, पेरणी समाजाचा जागर आहे, शिवोलीचा जागर तर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. त्याला मांड म्हणजे विधीची ठरलेली जागा लागते, नमन लागते, सोंगे लागतात. ‘साहित्य जागर’ वाचून अंत्रुजातला, म्हणजे तुमच्या फोंड्याकडचा, म्हातारा माणूस रात्री घुमट हे वाद्य ऐकायला येईल आणि त्याला सकाळी दहाचे व्याख्यान दिसेल. ज्या शब्दामागे जिवंत विधी उभा आहे, तो अलंकार म्हणून वापरू नये असे माझे ठाम मत आहे. ‘मांड’ आणि ‘धालो’ (बायकांचे विधीनृत्य) या शब्दांनाही हेच लागू.

‘लिटफेस्ट’ला परका म्हणून माझा विरोध नाही. प्रत्यय तो झकास घेतो. पण गोव्यात पोर्तुगीजांकडून आलेले ‘फेस्त’ आधीपासून आहे आणि ते चर्चच्या सणाचे नाव आहे. शिवाय ‘लिट’ या तुकड्यातून तुमच्या वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या माणसाला काहीच कळणार नाही.

कोणी ‘साहित्य संमेलन’ सुचवले तर? संमेलन हे माणसांचे असते. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात जे पहिले भरले ते ‘ग्रंथकार’ संमेलन होते, म्हणजे कोण जमणार ते नावातच होते. कविसंमेलन, स्नेहसंमेलन याच घडणीची. पुढे ‘साहित्य संमेलन’ रूढ झाले, मडगावात १९३० साली वामन मल्हार जोशींच्या अध्यक्षतेखाली ते भरलेही. आता त्या नावाबरोबर अध्यक्ष, ग्रंथदिंडी, ठराव हे सगळे अपेक्षित असते. तुमच्याकडे ते नाही, म्हणून ते नावही नको.

मग काय ठेवावे? आपल्या लोकांनी स्वतः ठेवलेली नावे आठवा : शिरगावची जत्रा, म्हार्दोळची जायांची पूजा, वास्कोचा सप्ताह, माशेलचा चिखलकाला, पुरुमेंताचे फेस्त. यांत एकही विशेषण नाही. कुठले किंवा कशाचे ते ‘चा-ची-चे’ लावून सांगायचे आणि पुढे काय आहे त्याचे नाव ठेवायचे. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. त्या फेस्ताला गेलेला माणूस सुकी मासळी, मिरच्या, कोकम घेऊनच घरी येतो, कारण नावानेच त्याला काय आणायचे ते सांगितलेले असते.

तुमचा कार्यक्रम मांडून पाहिला तर त्याचा घाट जत्रेचाच आहे. दिवसा दुकाने, लोकांची ये-जा, रात्री रंगमंच. गोव्याच्या जत्रेत पालखी झाल्यावर रात्री नाटक होते आणि मराठी नाटक इथे गावोगाव टिकले ते या जत्रांमुळेच. तेव्हा ‘ग्रंथजत्रा’, किंवा त्याहून सोपे ‘पुस्तकांची जत्रा’, हे नाव तुमच्या कार्यक्रमाला मापाने बसते. देवाच्या जत्रेशी गोंधळ होईल ही शंका रास्त आहे, कारण डिसेंबरात फोंड्यात जत्रा सुरूच असतात. म्हणून नुसते ‘जत्रा’ कापून उरू देऊ नका. ‘पुस्तकांची’ हा शब्द ‘जत्रा’इतक्याच मोठ्या अक्षरात छापा आणि आधी गावाचे नाव घाला. देवस्थानच्या महाजनांना आधी विचारून घ्या, कोणाला खटकत असेल तर ‘पुस्तकांचा बाजार’ म्हणा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात काहीच हलके वाटणार नाही.

‘ग्रंथफेरी’ मात्र टाळा. गोव्यात फेरी म्हणजे जत्रेतली किंवा फेस्तातली दुकाने, पोर्तुगीज ‘फेइरा’तून आलेली. पण पत्रिका बांदा-सावंतवाडीला गेली की तिथले लोक प्रभातफेरीसारखी मिरवणूक समजतील.

फलक रंगवायला देण्याआधी दोन गोष्टी तपासा. संस्कृतात शेवटी ऱ्हस्व इकार असलेला तत्सम शब्द समासात पहिला आला की तो इकार ऱ्हस्वच राहतो : ‘कविसंमेलन’, ‘भक्तिसंगीत’, ‘स्मृतिदिन’. दुसरे लिंगाचे. महोत्सव पहिला, संमेलन पहिले, जत्रा पहिली. ‘समारोह’ लिहायचे असेल तर तो आरंभापासूनच्या सगळ्या कार्यक्रमाला लिहा, शेवटच्या सत्राला ‘समारोप’ म्हणतात. आणि यंदा पत्रिकेवर ‘वार्षिक’ घालू नका. पुढच्या वर्षी ‘दुसरी’ छापलीत की ते आपोआप कळेल.